मानाच्या गारदेचं नाणं: पहिला हक्क कोणाचा?

दिल्लीतल्या मुनिरक्यातून पुन्हा तुमच्याशी बोलतो आहे.

मागच्या भागात आपण राष्ट्रीय समर स्मारकाची माहिती घेतली. त्यानंतर बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, सातारा अशा ठिकठिकाणांहून प्रश्न आले, आणि त्यातले बरेचसे एकाच वस्तूबद्दल होते. एकानं विचारलं, ‘‘वडील दिल्लीत गारदेच्या ड्यूटीवर होते. त्यांच्या ट्रंकेत एक जाड पितळी नाणं सापडलं, एका बाजूला पलटणीचं चिन्ह आहे. हे पदक आहे का?’’ एका ताईंनी विचारलं, ‘‘असली नाणी ऑनलाइन विकत मिळतात, मग त्यांचा मान तो काय?’’ आणि एका निवृत्त सुभेदार साहेबांचा प्रश्न होता, ‘‘पलटणीच्या मेळाव्यासाठी आम्हाला असं नाणं पाडून घ्यायचंय, काय काळजी घ्यावी?’’

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज एकत्र देतो. पण त्याआधी एक चौथा प्रश्न येतो, तो कोणी विचारला नाही. असं नाणं पाडलं, तर पहिलं कोणाच्या हातात पडायला हवं? माझं उत्तर सरळ आहे. जो उभा राहिला, त्याच्या. आता हे एवढं ठासून का सांगावं लागतं, ते बघू.

पदक वेगळं, चलनी नाणं वेगळं, स्मृतिनाणं वेगळं

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पदक सरकार देतं. त्याची अधिसूचना निघते, त्याला ठरावीक रंगाची फीत असते आणि ते वर्दीवर ठरलेल्या क्रमानं लावलं जातं. परमवीर चक्र हे पदक. स्वातंत्र्याच्या 50 व्या वर्षी, 1997 साली, नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं तेही पदक.

दुसरं, सरकारी नाणं. आपल्या देशात नाणं पाडायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. वर्षाच्या आकड्याखाली बारीक खूण बघा: चौकोनी हिरा असला तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. सरकार विशेष प्रसंगी स्मारक नाणीही काढतं. स्वतंत्र भारतातलं असं पहिलं नाणं 1964 साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालं. आपल्या छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं 1999 सालचं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या हातून खर्चही झालं असेल. आणि 28 जानेवारी 2023 रोजी, एनसीसीला 75 वर्षं झाली म्हणून दिल्लीतल्या मेळाव्यात 75 रुपयांचं विशेष नाणं प्रकाशित झालं.

तिसरा प्रकार आपल्या आजच्या विषयाचा. पलटण, जहाज, स्क्वाड्रन, प्रशिक्षण केंद्र किंवा एखादा अधिकारी आपल्या नावानं जे गोल स्मृतिचिन्ह बनवून घेतो, त्याला आपण सवयीनं नाणं म्हणतो. इंग्रजीतलं ‘चॅलेंज कॉइन’ हे नाव आता फौजेतही रुळलंय. त्याच्यावर किंमत नसते, त्यानं काही विकत घेता येत नाही आणि ते वर्दीवर लावता येत नाही. खिशात राहतं नाहीतर कपाटात.

तेव्हा ट्रंकेतल्या त्या नाण्याबद्दल उत्तर असं: वर फीत अडकवायची कडी नसेल, काठावर किंवा मागं अधिकृत क्रमांक-नाव नसेल आणि पलटणीचं चिन्ह असेल, तर बहुतेक ते स्मृतिनाणं आहे. पदक नाही म्हणून नाराज होऊ नका. कधीकधी पदकामागं नसते एवढी गोष्ट अशा नाण्यामागं असते.

मानाची गारद म्हणजे कोण?

दिल्लीत रोज कुठे ना कुठे मानाची गारद उभी असते. राष्ट्रपती भवनात घोडदळाचं अंगरक्षक दल आहे. त्याच्या जोडीला पायदळाची एक पलटण आळीपाळीनं तिथं नेमणुकीवर येते. परदेशी पाहुणे आले की तिन्ही दलांची मिळून सलामी गारद उभी राहते. राष्ट्रपतींच्या मानवंदनेला 150 जवान आणि पंतप्रधानांच्या मानवंदनेला 100, असा रिवाज आहे. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा आले, तेव्हा हवाई दलाच्या विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी या गारदेचं नेतृत्व केलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी.

आणि मग स्मारकावरची गारद. 26 जानेवारी 1972 ला इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती पेटली, आणि तिच्याजवळ पहारा सुरू झाला. पन्नास वर्षं तिथं जवान उभे राहत आले. 21 जानेवारी 2022 ला ती ज्योत जवळच्याच राष्ट्रीय समर स्मारकाच्या ज्योतीत मिळवली गेली. हे स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला राष्ट्राला अर्पण झालं. तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका हुतात्म्याचं नाव आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी 25,942 नावं होती.

ही ड्यूटी बाहेरून सोपी दिसते. नुसतं उभं तर राहायचं! पण ज्यानं केलंय त्याला विचारा. दिल्लीचा जून म्हणजे पायाखालचा दगडसुद्धा भाजतो. जानेवारीत पहाटेच्या धुक्यात सरावाला उभं राहिलं की रायफलीचं लोखंड हातमोज्यातून बोचतं. आमचे ड्रिल उस्ताद नव्या पोरांना सांगायचे, ‘‘गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ करू नका, बुटात पायाची बोटं हलवत राहा, उपाशीपोटी येऊ नका.’’ गुडघे घट्ट आवळून फार वेळ उभं राहिलं की रक्त पायातच साचतं, मेंदूला कमी पडतं आणि चांगला सहा फुटी गडी भुईवर येतो. पडला तर गारद हलत नाही. मागून दोघं येतात, त्याला उचलून नेतात, बाकीच्यांची नजर समोरच.

यातली खरी गोष्ट अशी की गारदेतल्या जवानाला नाव नसतं. टीव्हीवर पाहुण्याचं नाव येतं, फार तर कमांडरचं येतं. स्मारकावर जो पहारा देतो, तो हजारो नावांची राखण करतो. त्याचं स्वतःचं नाव तिथं कुठंच नसतं, आणि ते बरोबरच आहे. पण तीन वर्षांनी तो बदलीवर जातो, पुढं पेन्शनीत जातो, आणि गावात कोणी विचारलं की ‘‘दिल्लीत काय करत होतास?’’, तर दाखवायला हातात काय असतं? बहुतेकदा एक धूसर फोटो. तोही ज्यात सगळे चेहरे सारखेच दिसतात.

1773: एका वर्षातल्या दोन गारदी

गारदेचा मान म्हणजे काय, हे मराठी माणसाला इतिहासानंच शिकवलंय. ‘गारद’ हा शब्द युरोपातून आपल्याकडं आला आणि कवायती पायदळाच्या शिपायाला आपण ‘गारदी’ म्हणू लागलो. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्यात शनिवारवाड्यात याच गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. कारस्थान कोणाचं, ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला, हा वेगळा विषय आहे. पण गारद्यांचा पगार थकला होता, ही तक्रार त्या गोष्टीत येतेच. ज्यांनी वाड्याचं रक्षण करायचं, तेच तलवारी उपसून आत शिरले.

आणि त्यानंतरच्याच महिन्यात, सप्टेंबर 1773 मध्ये, बनारसला वॉरन हेस्टिंग्जनं निवडक पन्नास घोडेस्वारांचं अंगरक्षक दल उभं केलं. बनारसचे राजे चेतसिंह यांनी आणखी पन्नास स्वार दिले. तेच आजचं राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल. 2023 साली त्याला 250 वर्षं पूर्ण झाली. गव्हर्नर गेले, व्हॉइसरॉय गेले, इंग्रजांचं राज्य गेलं, दल टिकलं. फाळणीत त्याचेही दोनास एक या प्रमाणात भाग झाले. व्हॉइसरॉयची सोनेरी बग्गी एकच होती, ती कोणाकडं जाणार यावरून पेच पडला. तेव्हा भारताकडून ठाकूर गोविंद सिंह आणि पाकिस्तानकडून साहबजादा याकूब खान यांनी नाणं उडवून निकाल लावला आणि बग्गी आपल्याकडं राहिली, ही हकीकत फौजेत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. 2024 च्या प्रजासत्ताक दिनाला 40 वर्षांनंतर हीच बग्गी पुन्हा संचलनाला आली, ती तुम्ही पाहिली असेल.

ही दोन उदाहरणं शेजारी का ठेवली? गारद म्हणजे इमान. आणि इमान गृहीत धरता येत नाही, ते सांभाळावं लागतं. पगार वेळेवर देऊन, रजा देऊन, आणि केलेल्या कामाची दखल घेऊन. नाणं हा त्या दखलेचा एक लहानसा प्रकार आहे, बस.

दखल घ्यायची जुनी रीत, आणि तिच्यातली उतरंड

बखरी वाचल्या तर आपल्याकडं सोन्याचं कडं, पोशाख, इनाम अशी दखल घेतली जाई. गोल पदक वाटायची चाल कंपनी सरकारनं आणली. 1784 मध्ये कंपनीनं बंगालच्या देशी पलटणींना ‘दख्खन पदक’ दिलं. त्या पलटणी गॉडर्डच्या हाताखाली कोणाविरुद्ध लढल्या होत्या, माहीत आहे? आपल्याच मराठ्यांविरुद्ध, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात. पदकावर फारसी अक्षरं होती. देशी अधिकाऱ्याला सोन्याचं आणि शिपायाला चांदीचं.

पुढं 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हाच्या पदकात उतरंड आणखी लांबली. सर्वांत वरच्यांना सोनं, मग सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग ब्राँझ, आणि खंदक ओलांडून तटावर चढलेल्या साध्या शिपायाला कथील. चित्र एकच, सिंह वाघाला लोळवतोय. धातू मात्र हुद्द्याप्रमाणं.

1911 च्या दिल्ली दरबारात पुन्हा तेच. राजेरजवाड्यांना आणि वरच्या अधिकाऱ्यांना 200 सोन्याची पदकं, बाकीच्यांना सुमारे 26,800 चांदीची. त्यातली दहा हजारांच्या आसपास फौजेच्या वाट्याला आली. म्हणजे निव्वळ समारंभाला उभं राहिल्याबद्दल शिपायाच्या हातात काही पडलं, याचं ते एक जुनं उदाहरण. साम्राज्याचा डामडौल होता तो, कौतुक करायचं कारण नाही. पण उभ्या राहणाऱ्याची मोजदाद झाली होती, हे मान्य करू.

सगळ्या दलाचा मिळून सन्मान करायची पद्धत याहून वेगळी आहे. 1923 साली अंगरक्षक दलाला दीडशे वर्षं झाली तेव्हा लॉर्ड रीडिंगनं चांदीची तुतारी आणि तिचं निशाण दिलं. स्वतंत्र भारतात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 1957 मध्ये आपल्या नावाची तुतारी आणि निशाण दिलं, आणि तेव्हापासून राष्ट्रपतींकडून हा मान दिला जातो. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये तो दिला. हा मान असलेलं भारतीय सैन्यातलं हे एकमेव दल. फार सुंदर परंपरा आहे. पण तुतारी दलाची असते. जवान पेन्शनीत जाताना ती घरी नेत नाही.

नाण्याची चाल आली कुठून?

एकेकट्या शिपायाच्या खिशात जाणारं नाणं ही चाल अमेरिकेची. पहिल्या महायुद्धात एका श्रीमंत वैमानिक अधिकाऱ्यानं आपल्या तुकडीसाठी ब्राँझची नाणी पाडून घेतली आणि त्या नाण्यामुळं एका वैमानिकाचा जीव वाचला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, तिला कागदाचा पुरावा सापडलेला नाही. आख्यायिका म्हणूनच ऐकावी. व्हिएतनामच्या काळापर्यंत तिथल्या विशेष दलांत नाणं बाळगायची सवय पक्की झाली आणि नंतर सगळ्या फौजेत पसरली. खेळही सुरू झाला. एकानं टेबलावर नाणं आपटलं की बाकीच्यांनी आपापलं दाखवायचं. ज्याच्याकडं नसेल त्यानं सगळ्यांचं बिल भरायचं. ‘चॅलेंज’ हा शब्द इथला.

देण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. वरिष्ठ अधिकारी तळहातात नाणं लपवून हस्तांदोलन करतो आणि हात सोडताना नाणं समोरच्याच्या हातात राहतं. भाषण नाही, माइक नाही, हारतुरे नाहीत.

मानाच्या गारदेच्या बाबतीत मात्र अमेरिकेत नाण्यापेक्षाही मोठी वस्तू आहे. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला अनाम सैनिकाची समाधी आहे, 1921 ची. 1937 पासून तिथं चोवीस तास पहारा आहे आणि 1948 पासून तो तिसऱ्या पायदळ रेजिमेंटकडं, म्हणजे ‘ओल्ड गार्ड’कडं आहे. पहारेकरी 21 पावलं चालतो, 21 सेकंद थांबतो, पुन्हा चालतो. 21 तोफांच्या सलामीचा तो आकडा. फेरीवरचा पहारेकरी वर्दीवर हुद्दा लावत नाही. आत झोपलेला सैनिक कोणत्या हुद्द्याचा होता हे कोणाला ठाऊक नाही, तेव्हा त्याच्याहून आपला हुद्दा वर दिसू नये, हा त्यामागचा विचार. या पहारेकऱ्यांना 1958 पासून चांदीचा एक बिल्ला मिळतो. त्याला क्रमांक असतो, कठीण परीक्षा असते आणि नऊ महिने सेवा केल्यावर तो कायमचा होतो. इतक्या वर्षांत असे बिल्ले मिळवणारे सातशेच्या आसपासच. आणि वागणूक चुकली तर निवृत्तीनंतरही बिल्ला काढून घेता येतो.

यातली नेमकी गोष्ट ध्यानात घ्या. त्या बिल्ल्याला किंमत चांदीनं येत नाही. क्रमांक, नोंदवही आणि परत घ्यायचा अधिकार, या तीन गोष्टींनी येते. कोणाला दिला हे लिहिलेलं आहे, म्हणून तो खरा.

आपल्याकडं गाडं कुठं अडतं?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडंही नाण्यांची हौस वाढली. चांगलं आहे. पण माझ्या पाहण्यात एक गोष्ट वारंवार आली. समारंभ संपतो, पाहुण्यांना मखमली डबीत नाणं मिळतं, पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांना मिळतं, फोटो निघतात. आणि ज्यांनी महिनाभर पहाटे चारला उठून सराव केला, ते मागच्या बाजूला चहा-पकोडे खाऊन ट्रकात बसतात. एका अशाच कार्यक्रमानंतर, पलटणीचं नाव घेत नाही, मी तिथल्या क्वार्टर मास्टरला विचारलं, ‘‘पोरांना दिलंत का?’’ तो म्हणाला, ‘‘सर, शंभरच बनवली होती, पाहुण्यांतच संपली.’’ त्याचा दोष नव्हता. त्याला दिलेली यादीच तशी होती.

हिशेब उलटा झाला तो इथं. पाहुण्याच्या घरी ते नाणं इतर पंधरा स्मृतिचिन्हांच्या शेजारी जाऊन बसतं. वर्षभरात त्यालाही आठवत नाही कुठं मिळालं. तेच नाणं सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या नाईकाच्या घरी गेलं, तर देवघराशेजारी राहील आणि नातवाला दाखवलं जाईल. ब्राँझ तेच, खर्च तोच.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. हो, नाणी ऑनलाइन मिळतात. पलटणीचं चिन्ह असलेलं कोणीही विकतं, कोणीही घेतं. म्हणूनच नुसत्या नाण्याला मान नाही. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशाबद्दल दिलं, हे ज्याच्याबरोबर लिहिलेलं आहे त्याला मान आहे.

नाणं पाडून घ्यायचं असेल तर

सुभेदार साहेब, आता तुमच्यासाठी. मेळावा असो की गारदेची तीन वर्षांची नेमणूक संपत असो, या गोष्टी बघा.

पहिली, कायदा. 2011 च्या नाणे कायद्यानुसार पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचा तुकडा पाडणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणून आपल्या नाण्यावर ‘रुपये’ हा शब्द, रुपयाचं चिन्ह किंवा किमतीचा आकडा चुकूनही घालू नका. सरकारी नाण्यासारखं दिसेल असं काहीच करू नका. खरी चलनी नाणी वितळवून त्याचं स्मृतिचिन्ह बनवणं हाही गुन्हाच.

दुसरी, राजमुद्रा. चार सिंहांची मुद्रा वाटेल तिथं छापता येत नाही. 2005 चा कायदा आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अनेक पलटणींच्या चिन्हात सिंह असतात. तेव्हा चिन्ह वापरायचं तर पलटणीच्या मुख्यालयाची लेखी परवानगी घ्या. आपण निवृत्त मंडळी भावनेच्या भरात म्हणतो, ‘‘आमचीच तर पलटण!’’ पलटण आपली आहे, मुद्रा सरकारची आहे.

तिसरी, धातू. बाजारात दोन प्रकार मिळतील. एक जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव. ते स्वस्त, पण हलकं, आणि मुलामा गेला की करडं दिसतं. दुसरं पितळेचं किंवा ब्राँझचं, पोलादी ठशाखाली दाब देऊन उठवलेलं. महाग पडतं, पण हातात वजन लागतं आणि पन्नास वर्षं टिकतं. ठसा बनवायचा खर्च एकदाच येतो. म्हणून पन्नास नाण्यांपेक्षा दोनशे घेतली तर एकेकाचा दर उतरतो. दीड ते पावणेदोन इंच व्यास आणि तीन ते चार मिलिमीटर जाडी पुरते. अंदाजासाठी सांगतो, सरकारनं 2023 मध्ये नव्या संसद भवनासाठी काढलेलं 75 रुपयांचं नाणं 44 मिलिमीटरचं आणि सुमारे 35 ग्रॅमचं होतं. तेवढं नाणं तळहातात छान भरतं. दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात फौजी बिल्ले-फितींची दुकानं आहेत. नमुना हातात घेऊन बघा, फोटोवर जाऊ नका.

चौथी, मजकूर. हौसेपोटी लोक दोन्ही बाजू भरून टाकतात: चिन्ह, घोषवाक्य, इमारत, झेंडा, कमांडिंग ऑफिसरचं नाव. मग काहीच वाचता येत नाही. आपली शिवराई आठवा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. संपलं. साडेतीनशे वर्षांनी ते तांब्याचं नाणं आजही वाचता येतं. तुमच्या नाण्यावर एका बाजूला पलटणीचं चिन्ह घ्या, दुसऱ्या बाजूला जागा आणि काळ. ‘राष्ट्रीय समर स्मारक गारद’ आणि वर्षं. कमांडिंग ऑफिसरचं नाव नसलं तरी चालतं, ते पलटणीच्या भिंतीवरच्या फळीवर असतंच.

पाचवी, आणि सगळ्यात महत्त्वाची: कड. नाण्याच्या कडेवर लेझरनं क्रमांक कोरून घ्या. 1 पासून सुरुवात. आणि एक साधी नोंदवही करा. क्रमांक, नाव, हुद्दा, किती दिवस ड्यूटी केली, कोणाच्या हस्ते दिलं. ही वही पलटणीत ठेवा. यापुढं कोणी बाजारातून तसंच नाणं आणलं, तरी त्याचं नाव वहीत सापडणार नाही.

सहावी, क्रम. आधी गारदेतल्या जवानांची यादी करा. त्यात बदलीवर असलेले राखीव जवानही धरा, ज्यांनी सगळा सराव केला आणि ऐनवेळी कोणी पडलं नाही म्हणून ज्यांना उभं राहता आलं नाही. न्हावी, शिंपी, बूट चमकवणारा, गारदेला पाणी देणारा, यांनाही धरा. गारद त्यांच्यामुळं उभी राहते. त्यानंतर शिल्लक राहिली तर पाहुणे. पाहुण्यांसाठी वेगळं काही करायचं असेल तर लाकडी ढाल द्या, पुस्तक द्या. क्रमांकाचं नाणं देऊ नका. आणि धातू सगळ्यांना एकच ठेवा. श्रीरंगपट्टणचं कथील आपल्याला पुन्हा नको.

घरात नाणं असेल तर

शेवटी, ज्यांच्या घरी असं नाणं आहे त्यांच्यासाठी.

घासूनपुसून चकचकीत करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. त्यानं बारीक अक्षरं झिजतात. मऊ सुती कापडानं पुसा आणि कोरड्या जागी कागदात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्यात ओल धरते.

ज्यांना मिळालं ते हयात असतील तर आजच विचारून घ्या. कुठं उभे होता, कोणत्या साली, शेजारी कोण होतं, नाणं कोणी दिलं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि एका कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेवा. फौजी माणूस आपणहून सांगत नाही. ‘‘काही नाही रे, उभं राहायचं असतं,’’ एवढंच म्हणेल. दोनदा विचारा. मात्र ते लिहिलेलं, आणि सेवा क्रमांक वगैरे, इंटरनेटवर टाकू नका.

आणि ‘‘या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’’ असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावावर चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच लोकांना सावध केलंय. स्मृतिनाण्याला बाजारात धातूपलीकडं फारशी किंमत नसते. तुमच्या घराबाहेर ते पितळच आहे.

दिल्लीला आलात तर समर स्मारकावर संध्याकाळी नक्की जा. तिथं रोज एखाद्या हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. राष्ट्रपती भवनातला गारद बदलायचा सोहळाही शनिवारी बघता येतो, आधी ऑनलाइन नोंदणी करा. बघताना घोडे बघा, बँड ऐका, आणि रांगेतला कोणताही एक जवान निवडून त्याच्याकडं दोन मिनिटं बघत राहा. तो तुमच्याकडं बघणार नाही, त्याला तशी परवानगी नाही.

आणि तुमच्यापैकी जे पलटणीत, एनसीसीत, पोलिसात, शाळेत कुठं असे कार्यक्रम ठरवता, त्यांनी पुढच्या वेळी स्मृतिचिन्हांची यादी करताना पहिलं पान उभं राहणाऱ्यांसाठी ठेवा. नोंदवहीतला क्रमांक एक त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्या शिपायाला द्या.

पुढच्या भागात पलटणीच्या निशाणांविषयी बोलू. प्रश्न पाठवत राहा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!